हवाना ते सान होसे: रेशनची वही आणि न्यायालयातला अर्ज

गुरुवार, २५ जानेवारी २०२४, हवाना

क्युबा आणि कोस्टा रिका हे दोन देश एकापाठोपाठ पाहावेत, असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते, कारण या दोघांची सुरुवात बरीचशी सारखी आहे. दोन्हीकडे स्पॅनिश बोलली जाते, दोन्हीकडे ऊस आणि कॉफी पिकते, आणि दोन्हीकडे गेल्या शतकाच्या मध्यात सशस्त्र उठाव होऊन जुनी राजवट गेली. कोस्टा रिकात १९४८ मध्ये आणि क्युबात १९५९ मध्ये. शिक्षण आणि आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे, हे दोघांनीही मानले आणि बऱ्याच अंशी निभावलेही. मात्र क्युबाने सगळा कारभार एकाच पक्षाच्या हाती दिला आणि जवळजवळ सगळी मालमत्ता सरकारजमा केली, तर कोस्टा रिकाने सैन्य बरखास्त केले, निवडणुका ठेवल्या आणि खाजगी व्यापाराला वाव दिला. इतक्या वर्षांनंतर या दोन वाटांवरच्या माणसाचा दिवस कसा जातो, हे पाहायला मी निघालो आहे. सोबत माझी भाची आहे. ती पुण्यात स्पॅनिश शिकवते, त्यामुळे भाषेची बाजू तिच्याकडे आहे.

आमची उतरण्याची जागा वेदादो भागातल्या एका घरातली परवानाधारक खोली आहे. घरमालकीण निवृत्त शिक्षिका आहेत. संध्याकाळी त्यांनी कपाटातून रेशनची वही काढून दाखवली. या वहीला लिब्रेता म्हणतात आणि ती १९६२ पासून चालत आली आहे. माणशी महिन्याला सात पौंड तांदूळ, थोडा घेवडा, साखर, तेल आणि रोज ८० ग्रॅमचा एक पाव, असा तिचा साधारण हिशेब आहे. सात वर्षांखालच्या मुलांना दूध मिळते. आपल्याकडे रेशनकार्डाचा रंग उत्पन्नावरून ठरतो, इथे मात्र प्रत्येक कुटुंबाला तीच वही आहे. पानांवर बऱ्याच रकान्यांत खूण नव्हती. बाई म्हणाल्या की वहीत जे लिहिले आहे ते पूर्वी महिना जेमतेम भागवायचे, आता ते दहा-बारा दिवसांत संपते आणि तेही उशिरा येते. वहीबद्दल त्या रागाने बोलत नव्हत्या. आपली दोन मुले नव्वदच्या दशकातल्या टंचाईत याच वहीवर वाढली, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

शुक्रवार, २६ जानेवारी, हवाना

आजचा दिवस पैशाचे कोडे समजून घेण्यात गेला. १ जानेवारी २०२१ रोजी सरकारने दोन चलनांऐवजी एकच पेसो ठेवला आणि डॉलरचा दर २४ पेसो ठरवला. पुढे २०२२ मध्ये व्यक्तींसाठी १२० चा वेगळा दर आला, आणि रस्त्यावर आज डॉलरला २७० पेसोंहून अधिक मिळतात. किमान वेतन महिन्याला २१०० पेसो आहे आणि किमान पेन्शन १५२८ पेसो. कोपऱ्यावरच्या दुकानात तीस अंड्यांचा एक ट्रे तीन हजारांच्या आसपास होता. शाळेत चाळीस वर्षे घालवलेल्या बाईला महिन्याच्या पेन्शनमध्ये तो ट्रे घेता येत नाही.

हे कोपऱ्यावरचे दुकान खाजगी आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून शंभर कामगारांपर्यंतच्या खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि आयात केलेले तेल, कोंबडीचे पाय, पास्ता आणि बिस्किटे अशा दुकानांतून दिसू लागली. त्याशिवाय परकीय चलनाच्या कार्डावरच व्यवहार होणारी सरकारी दुकाने आहेत. ज्याचे कोणी मायामीत किंवा माद्रिदला आहे, त्याच्या स्वयंपाकघरात तेल आहे. घरमालकिणीचा मुलगा अभियंता आहे. निकाराग्वाने २०२१ च्या अखेरीस क्युबन लोकांसाठी व्हिसाची अट काढली, तेव्हा विमानाने तिथे जाऊन पुढे जमिनीच्या मार्गाने तो अमेरिकेत गेला. समतेसाठी उभी केलेली व्यवस्था आज कोणाचा नातेवाईक देशाबाहेर आहे यावर माणसाचे ताट ठरवते, ही मला या शहरातली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटली.

याला अमेरिकेचा व्यापारी निर्बंधही कारण आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. १९६२ पासून हा निर्बंध चालू आहे, १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने तो आणखी आवळला गेला, आणि २०२१ च्या जानेवारीत क्युबाचे नाव पुन्हा दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीत घातल्यावर परदेशी बँका क्युबाशी व्यवहार करायला धजावत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेल्या नोव्हेंबरमध्ये १८७ देशांनी या निर्बंधाविरुद्ध मत दिले आणि त्या ठरावाच्या विरोधात फक्त अमेरिका आणि इस्रायल होते.

शनिवार, २७ जानेवारी, हवाना

सकाळी घरमालकिणींबरोबर त्यांच्या वस्तीतल्या डॉक्टरांकडे गेलो. प्रत्येक वस्तीला एक डॉक्टर आणि एक परिचारिका, ही योजना १९८४ पासून देशभर पसरली. डॉक्टर बाईंना आपल्या भागातली घरे माहीत होती. कोणाचा रक्तदाब वाढला आहे, कोणती बाई गरोदर आहे, कोण एकटे राहते, हे त्या वही न उघडता सांगत होत्या. खेड्यातल्या आशाताईंच्या कामाला पूर्ण डॉक्टरची जोड मिळाली तर काय होईल, याचे उत्तर मला इथे दिसले. याच व्यवस्थेमुळे २०१८ मध्ये क्युबाचा बालमृत्यूदर हजारी ४ होता, म्हणजे बऱ्याच श्रीमंत देशांच्या बरोबरीचा. २०२२ मध्ये तो ७.५ वर गेला. औषधांच्या कपाटात मोजकी खोकी होती, आणि चिठ्ठीवर लिहिलेल्या दोन औषधांपैकी एक बाहेरून मागवा, असे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. शेजारचा दवाखाना मात्र बंद आहे, कारण तिथले डॉक्टर परदेशी सेवेवर गेले आहेत. वैद्यकीय सेवा पुरवून मिळणारे परकीय चलन हे या देशाच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे.

रात्री विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून मशालींची मिरवणूक निघाली. क्युबाचे स्वातंत्र्यवीर आणि कवी होसे मार्ती यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ही मिरवणूक निघते. १९५३ मध्ये मार्तींच्या जन्मशताब्दीच्या वेळी विद्यार्थ्यांनी ती बातिस्ताच्या हुकूमशाहीविरुद्ध काढली होती. आज सत्ताधारी पक्षाचे नेते तिच्या अग्रभागी चालतात. पायऱ्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला भाचीने ११ जुलै २०२१ बद्दल विचारले. त्या दिवशी देशभर लोक रस्त्यावर आले होते, आणि पुढे शेकडो जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांहून अधिक. तो मुलगा विषय बदलून भारतातल्या चित्रपटांबद्दल बोलू लागला, आणि आम्हीही पुढे काही विचारले नाही.

सोमवार, २९ जानेवारी, हर्शी

या दिवसासाठीच खरे तर मी क्युबात आलो होतो. मी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या परिसरात वाढलो आहे, आणि हवानाच्या पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटरवर असलेला हर्शीचा कारखाना पाहायचाच, असे ठरवून ठेवले होते. चॉकलेटसाठी साखर हवी म्हणून अमेरिकन उद्योजक मिल्टन हर्शी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे कारखाना, कामगारांची वसाहत आणि विजेवरची रेल्वे उभारली. क्रांतीनंतर कारखाना सरकारकडे आला, त्याला क्रांतिकारक कामिलो सिएन्फुएगोस यांचे नाव मिळाले, आणि २००२ मध्ये तो बंद झाला.

चिमणी उभी आहे. ऊस टाकण्याच्या गव्हाणीची जागा ओळखता येते, मिलचे रोलर गेले आहेत, आणि बॉयलरच्या इमारतीचे फक्त लोखंडी सांगाडे उरले आहेत. वसाहतीतली घरे मात्र नांदती आहेत. तिथल्या एका निवृत्त फिटरने आम्हाला तासभर फिरवले. ज्या जागी त्याने तीस हंगाम काढले होते, तिथे तो हात ठेवून उभा राहत असे आणि मगच बोलत असे. त्या वेळी गावात वीज नव्हती, आणि ती केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नव्हते.

क्युबाची साखर सोव्हिएत संघ चढ्या दराने घेत असे आणि बदल्यात खनिज तेल देत असे. १९७० मध्ये एक कोटी टनांचा संकल्प करून सगळा देश ऊसतोडीला लावला गेला, तेव्हा सुमारे ८५ लाख टन झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीसही हा देश ८० लाख टनांच्या आसपास साखर करत होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर गिऱ्हाईकही गेले आणि तेलही गेले. २००२ मध्ये दीडशेहून अधिक कारखान्यांपैकी जवळपास निम्मे एका निर्णयात बंद झाले, २०११ मध्ये साखर मंत्रालयच गुंडाळले गेले, आणि गेल्या हंगामात उत्पादन साडेतीन लाख टनांच्या आसपास आले. महाराष्ट्र एका हंगामात शंभर लाख टनांच्या पुढे साखर करतो. क्युबाला आज साखर बाहेरून आणावी लागते.

तेल, सुटे भाग आणि खते यांच्या टंचाईने बरेचसे समजते, तरी सगळे समजत नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास उभा केला, तेव्हा आपल्याकडेही भांडवल नव्हते आणि यंत्रे परदेशातूनच यायची. पण ऊस घालणारा शेतकरी तिथे सभासद होता, आणि वार्षिक सभेत उठून त्याला उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा का घटला हे विचारता येत होते. फिटरला मी विचारले की कारखाना बंद करण्याआधी कामगारांना विचारले होते का. तो म्हणाला की सभा झाली होती, तिच्यात निर्णय वाचून दाखवला आणि सर्वांनी हात वर केले.

बुधवार, ३१ जानेवारी, प्रवास

पनामामार्गे कोस्टा रिकाच्या राजधानीत, सान होसेला पोहोचलो. घरमालकिणींनी निरोप देताना भाचीच्या हातात घरी केलेला पेरूचा मुरंबा ठेवला. साखर रेशनची होती, हे आम्हाला ठाऊक असल्यामुळे तो घेताना फार संकोच वाटला.

गुरुवार, १ फेब्रुवारी, सान होसे

सकाळी राष्ट्रीय संग्रहालय पाहिले. ही इमारत म्हणजे जुनी बेयाविस्ता छावणी. १ डिसेंबर १९४८ रोजी त्या वर्षीच्या उठावाचे नेते होसे फिगेरेस यांनी इथल्या भिंतीवर हातोडा मारून सैन्य बरखास्त केल्याचे जाहीर केले, आणि १९४९ च्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमात ते पक्के झाले. बुरुजांवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. याच फिगेरेस यांनी पुढे बातिस्ताविरुद्ध लढणाऱ्या कास्त्रोंना शस्त्रे पाठवली होती. क्रांतीनंतर मात्र दोघांचे फाटले. फिगेरेस खाजगी मालमत्तेचे समर्थक होते, पण सगळे बाजारावर सोडणारे नव्हते. बँकांचे राष्ट्रीयीकरण त्यांनीच केले, आणि वीज व पुढे टेलिफोन सांभाळणारी ‘ईसे’ ही सरकारी संस्था १९४९ मध्ये उभी राहिली. आज या देशातली जवळजवळ सगळी वीज पाणी, वारा आणि भूगर्भातली वाफ यांपासून तयार होते.

दुपारी मुख्य बाजारपेठेतून फिरलो. दुकाने भरलेली आहेत, आणि हवानाहून आलेल्या माणसाचे डोळे त्या फडताळांवरून हलत नाहीत. पण भाव ऐकून हात मागे येतो. एका साध्या खानावळीतले भात, घेवडा, कोशिंबीर आणि तळलेल्या केळ्याचे ताट आम्हाला पुण्यातल्या चांगल्या हॉटेलपेक्षा महाग पडले. फ्रीज आणि फोन हप्त्यांवर विकण्याच्या पाट्या सगळीकडे आहेत. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पुठ्ठे अंथरून झोपलेली माणसे होती. असे दृश्य मला हवानात इतके दिसले नव्हते. २०२३ मध्ये या पन्नास लाखांच्या देशात नऊशेच्या वर खून झाले, आणि त्यामागे बहुतेक ठिकाणी अमली पदार्थांच्या टोळ्या आहेत. घरांच्या खिडक्यांना आणि अंगणांना गज लावलेले आहेत. सैन्य नसलेल्या देशाच्या स्वप्नात हे चित्र बसत नाही, आणि इथले लोकच ते सर्वांत आधी बोलून दाखवतात.

शुक्रवार, २ फेब्रुवारी, सान होसे

इथल्या सामाजिक सुरक्षा संस्थेला सगळे ‘काहा’ म्हणतात. १९४१ मध्ये ती स्थापन झाली. कामगार, मालक आणि सरकार तिघेही तिच्यात वर्गणी भरतात, आणि वस्तीपातळीवर डॉक्टर, परिचारिका आणि घरोघर जाणारा आरोग्यसेवक अशी पथके नव्वदच्या दशकापासून काम करतात. इथले सरासरी आयुर्मान ऐंशीच्या घरात आहे, क्युबाचे त्याहून थोडेसे कमी. म्हणजे वस्तीतल्या डॉक्टरच्या बाबतीत दोन्ही देशांना एकच गोष्ट उमगली होती.

रांगाही दोन्हीकडे आहेत. आमच्या यजमानांचे थोरले भाऊ सत्तरीचे आहेत आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या यादीत त्यांचे नाव तीन वर्षे होते. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो खाजगी रुग्णालयात जाऊन पुढच्या आठवड्यात मोकळा होतो, हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा होता. मग त्यांनी जे केले ते मला या प्रवासातले सर्वांत मोलाचे वाटले. १९८९ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयात घटनात्मक प्रश्नांसाठी चौथे पीठ स्थापन झाले, त्याला सगळे ‘साला क्वार्ता’ म्हणतात. कोणाही माणसाला वकिलाशिवाय आणि शुल्काशिवाय, साध्या कागदावर हाताने लिहून तिथे अर्ज करता येतो. या भाऊंनी वहीचे पान फाडून अर्ज लिहिला, आणि काही महिन्यांत न्यायालयाने रुग्णालयाला तारीख देण्याचा आदेश दिला. असे आरोग्याचे अर्ज दर वर्षी हजारोंनी येतात. एकाने अर्ज केला की यादीतला दुसरा मागे सरकतो, अशी तक्रार डॉक्टर करतात आणि ती खरीही आहे. तरीही सरकारची चूक सरकारच्याच एका दाराशी जाऊन सांगता येते, आणि ते दार उघडते. हवानातल्या डॉक्टर बाईंच्या कपाटात औषध नव्हते, तेव्हा घरमालकिणींना कोणाकडे अर्ज करता आला असता, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

भाची म्हणाली, “मामा, पण तुम्ही दोघांना एकाच मापाने मोजताय. या देशावर कोणी निर्बंध घातला नव्हता. इंटेलने १९९७ मध्ये इथे कारखाना काढला, तसा हवानात काढायची परवानगी तरी त्यांना मिळाली असती का?” तिचे म्हणणे रास्त आहे आणि ते इथे नोंदवून ठेवतो. मात्र कपाटातली औषधे निर्बंधाने कमी होतील. तक्रार ऐकणारे न्यायालय असू नये, असे कोणत्याही निर्बंधाने सांगितलेले नाही.

शनिवार, ३ फेब्रुवारी, तारासू

राजधानीच्या दक्षिणेला डोंगरात तारासूचा कॉफीचा पट्टा आहे. तोडणीचा हंगाम संपत आला होता, तरी उतारांवर कमरेला टोपली बांधलेली माणसे होती. बरेच मजूर पनामाच्या सीमेकडून आलेले ङाबे आदिवासी आहेत, कुटुंबकबिल्यासह येतात आणि टोपलीच्या मापावर मजुरी घेतात. बीडहून कोयता घेऊन निघणारे आपले ऊसतोड कामगार डोळ्यांसमोर आले. त्यांच्या मुलांसाठी आपल्याकडे साखरशाळा निघाल्या. इथेही हंगामात मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवतात. मजुरांच्या राहण्याच्या खोल्या मात्र इथेही तशाच अपुऱ्या आहेत, आणि युरोपात महाग विकल्या जाणाऱ्या या कॉफीचा फार थोडा पैसा त्या खोल्यांपर्यंत पोहोचतो.

शेतकऱ्याच्या हिशेबाची पद्धत समजून घेताना मात्र मला आपल्या गावातल्यासारखेच वाटले. फळ केंद्रावर घातले की आधी उचल मिळते, आणि वर्षअखेर सगळी विक्री झाल्यावर अंतिम दर ठरतो. १९६१ च्या कायद्याने प्रक्रिया करणाऱ्याच्या नफ्याला नऊ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि कॉफी संस्था प्रत्येक गिरणीचा अंतिम दर तपासून जाहीर करते. इथल्या बऱ्याच गिरण्या सहकारी आहेत. बाजाराच्या देशात सरकारने मध्यस्थाचा नफा कायद्याने बांधून टाकला आहे, आणि साठ वर्षांत कोणत्याही पक्षाला ती तरतूद काढून टाकता आलेली नाही, कारण कॉफीवाला शेतकरी मतदार आहे.

रविवार, ४ फेब्रुवारी, सान होसे

आज देशभर नगरपालिकांच्या निवडणुका होत्या. शाळांबाहेर निरनिराळ्या पक्षांचे टी-शर्ट घातलेली मुले म्हाताऱ्यांना खोली दाखवत होती. विरोधी पक्षांची मुले एकाच बाकावर बसून डबा खात होती. संध्याकाळी कळले की साधारण एक तृतीयांश मतदारच आले. आमचे यजमानही गेले नव्हते. सगळे पक्ष सारखेच, असे ते म्हणाले, आणि गेल्या काही वर्षांत वाढलेली विषमता पाहता त्यांची निराशा मला पटली.

क्युबात २६ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय सभेची निवडणूक झाली, तेव्हा ४७० जागांसाठी ४७० उमेदवार होते, सरकारी आकड्यांनुसार सुमारे ७६ टक्के मतदान झाले आणि सगळेच्या सगळे निवडून आले. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मतदानाच्या टक्केवारीवरून लोकशाही मोजण्याची आपली सवय किती अपुरी आहे हे जाणवते. यजमान आज घरी बसले, पण २००० मध्ये सरकारने ‘ईसे’चे दरवाजे खाजगी कंपन्यांना उघडणारे विधेयक आणले, तेव्हा ते रस्त्यावर होते, आणि सरकारला ते विधेयक मागे घ्यावे लागले. २००७ मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापार करारावर सार्वमत झाले, त्यात ते हरले. करार सुमारे ५१.६ टक्क्यांनी मंजूर झाला. दोन्ही आठवणी त्यांनी सारख्याच आवेशाने सांगितल्या.

सोमवार, ५ फेब्रुवारी, सान होसे

निघण्याच्या दिवशी यजमानांनी शेजारच्या एका क्युबन माणसाची गाठ घालून दिली. तो ओल्गीनचा आहे, एका साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. निकाराग्वाला विमानाने उतरल्यावर बाकीचे उत्तरेला गेले, तो दक्षिणेला आला. इथे तो गोदामात काम करतो. पगारातून काहाची १०.६७ टक्के वर्गणी कापली जाते, निम्मा पगार भाड्यात जातो, आणि आईसाठी रक्तदाबाच्या गोळ्या कोणाबरोबर तरी पाठवाव्या लागतात. मुलीला इथल्या सरकारी शाळेत घातले आहे, पण आपल्या गावची शाळा अधिक चांगली होती, असे त्याचे ठाम मत आहे.

मी हर्शीचे सांगितल्यावर तो खुर्ची ओढून जवळ आला. त्यांच्या कारखान्यात रस कुठे वाया जातो, कोणता पंप कधी बंद पडेल, हे पाळीवरच्या प्रत्येकाला माहीत होते. वर जाणाऱ्या अहवालात मात्र ठरलेले आकडे भरले जायचे. आमच्याकडच्या सहकारी कारखान्यांत सभासद काय करतात, असे त्याने विचारले. आमच्याकडेही संचालक मंडळे वर्षानुवर्षे एकाच घरात राहतात, कारखाने कर्जात बुडतात आणि उसाचे पैसे चौदा दिवसांत देण्याचा नियम पाळला जात नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. मग गेल्या नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरजवळ शेतकऱ्यांनी मागच्या हंगामाच्या जादा दरासाठी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला, आणि कारखान्यांनी टनाला पन्नास ते शंभर रुपये जादा देण्याचे मान्य केले, तेही सांगितले. रस्ता अडवल्याचे पैसे मिळाले, हे त्याला पहिल्यांदा खरे वाटेना, म्हणून भाचीने ते पुन्हा समजावले. त्यानंतर शंभर रुपयांचे इथल्या चलनात, म्हणजे कोलोनमध्ये, किती होतात, चाळीस टन ऊस घालणाऱ्याला एकूण किती मिळाले असतील, आणि त्या शेतकऱ्याचा ऊस पुढच्या हंगामात कारखाना नाकारू शकतो का, असे एकामागून एक प्रश्न त्याने विचारले. शेवटच्या प्रश्नावर आम्ही विमानतळाची गाडी येईपर्यंत बोलत होतो.